आत्मारामचे पाच किलो

६ जुलै
मी हौसाबाई, उत्तनची. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात दिशा लिहिते. आईला दाखवायचं नाही, अशी तिला शपथ घातलीये.
पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मुलगा आत्माराम घरीच. आज हेल्थ कॅम्प होता. आत्माराम ब्याण्णव किलो, बीपी हाय, हार्टला धोका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभरात पाच किलो उतरवा, मीठ-तेल तोडा, नाहीतर एक ऑगस्टला बोटी सुटतील तेव्हा बोटीवर चढायचं नाही.
मी म्हटलं, बाई, हार्टचं दुखणं त्या बेव्हर्ली पार्कच्या टॉवरवाल्यांचं, लिफ्टने चढतात ते. हा जाळं ओढतो. त्या म्हणाल्या, आजी, हल्ली जाळं मशीन ओढतं. काही बायांना उगाच सगळं माहीत असतं.
ठरलं. आजपासून सुकी मासळी बंद.

७ जुलै
सून संजनाने अळणी डाळ केली. आत्माराम मयताला बसल्यासारखा बसला. ती भांडी घासायला गेल्यावर मी दोन बोंबील भाजून दिले. छोटे होते.

११ जुलै
परत दिले. पण चटणी दिली नाही.

१५ जुलै, सकाळी
मासळी तोलायच्या काट्यावर त्याला उभा केला. त्र्याण्णव. ओल्या मासळीत टोपलीमागे दोन किलो पाण्याची सूट धरतात. हा तर पावसात भिजून आलेला, मी चार धरली. म्हणजे एकोणनव्वद. तीन उतरले! खुशीने एक बोंबील जास्त दिला.
दिशा म्हणते, आजी, असं गणित नसतं. चाळीस वर्षं मासळी विकली मी, आणि ही मला शिकवते.

२२ जुलै
बंदरावरून येताना आत्माराम दोनदा थांबला. छातीवर हात. म्हणाला, गॅस आहे. मीपण म्हटलं, गॅसच. ओवा दिला. दुपारी आडवी झाले, डोळा लागला नाही.
उद्यापासून नक्की बंद.

२३ जुलै
दिले. त्याने मागितले, मी काय करू?

३० जुलै
दवाखाना. पंच्याण्णव. कार्डिओग्रामची पट्टी खराब. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, बोट बंद.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाता काय? आत्मारामने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, मीच नाक्यावर वडापाव खातो.
बसमध्ये संजना सगळ्यांसमोर त्याला बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

१ ऑगस्ट
बोटी गेल्या. आत्माराम धक्क्यावर हात मागे बांधून उभा होता, शेवटची बोट दिसेनाशी होईपर्यंत.
मला राहवलं नाही. घरी येऊन संजनाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला सोडत नाही. ती खालीच बसली. म्हणाली, आई, तुम्ही बाजारात गेलात की मीपण त्यांना भजी तळून द्यायचे. बघवत नव्हतं.
एवढं लिहून दिशा थांबली. म्हणते, आजी, पप्पांना वेफर्स मी आणून द्यायचे.

संध्याकाळी
आम्ही चौघांनी अळणी डाळ खाल्ली. कोणी कोणाच्या पानाकडे बघितलं नाही. आत्माराम म्हणाला, छान झालीये.
खोटं बोलण्यात माझ्यावर गेलाय.