हवाबाग आणि लेकीच्या घरचं पाणी

॥ श्री ॥
पुणतांबे, ता. २८-११-७२

तीर्थरूप दादांस,
लेक मुक्ताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. इथं माझा जीव टांगणीला लागलाय. शेजारची छबूबाई मिरजगावला माहेरी जाऊन आली. ती म्हणाली, तळं आटलं, होड्या गाळात रुतल्या, तुमच्या पाळण्या-घोड्यांच्या हवाबागेत आता चिटपाखरू फिरकत नाही. खरं का हे?

खरं असेल तर बाग बंद करा नि इकडे राहायला या. आई गेल्यापासून तिथं एकटेच आहात. आमच्या विहिरीला अजून पाणी आहे. ह्यांचंही तेच म्हणणं. दादांना विचारत बसू नकोस, सरळ घेऊन ये, म्हणाले.

उलट टपाली उत्तर धाडा, नाहीतर मीच तिथं येऊन उभी राहीन. माया पातळ करू नका.
तुमची मुक्ता

॥ श्री ॥
मिरजगाव, ता. ५-१२-७२

चि. सौ. मुक्तास दादाचे अनेक आशीर्वाद.
पत्र पावलं. छबूबाईच्या जिभेला हाड न्हाई, पन बोलली ते खरं हाय. लाकडी घोडे काल एका जत्रावाल्याला दिले. मोठा पाळना कुनी घेईना, लई जुना झाला म्हनत्यात. हाच पाळना घेऊन मी जत्रा जत्रा हिंडत हुतो. तुझी शाळा बुडू नये म्हनून सन पन्नासात तळ्याकाठी रोवला. मग होड्या आनल्या, मग घोडे. रविवारी नगरहून मोटारी भरभरून लोक येत. आता गंजू नये म्हनून रिकामाच फिरवतो. एका जागी बसवत न्हाई, काय करू?

तुझ्याकडं ऱ्हानं मातर जमायचं न्हाई. लेकीला लेकरू झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं पानीसुदिक घेऊ नये, ही रीत तुला ठावं हाय. माझा घोर करू नगं. जावईबापूंना रामराम.
तुझा दादा

॥ श्री ॥
पुणतांबे, ता. १२-१२-७२

तीर्थरूप दादांस,
मुक्ताचा नमस्कार. तुमचं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. रीत ठाऊक आहे हो, चांगली ठाऊक आहे. दर दिवाळीला तुम्ही येता, फडक्यात आपली भाकरी नि तांब्यात आपलं पाणी घेऊन ओट्यावर बसता. अकरा वर्षं मी उंबऱ्यात उभी राहून ते बघते. सासूबाई मला कधी वावगं बोलल्या नाहीत. शेजारणीसुद्धा तोंडावर बोलत नाहीत. मला मूल नाही हे अख्ख्या आळीला दरवर्षी तुमचा तांब्याच सांगतो.

आजवर गिळलं, आज लिहिते. मला राग येतो, दादा, आणि रडूही येतं. रागावायचं तर रागवा, पण लेकीच्या विहिरीला पाणी असताना तिथं तहानेनं मरू नका.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.
मुक्ता

॥ श्री ॥
मिरजगाव, ता. २३-१२-७२

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र वाचलं नि घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. चार दिस नुसता पाळन्याभवती फेऱ्या मारीत हुतो. अन्न ग्वाड लागंना.

तळ्याच्या पोटात आता गावोगावच्या बाया झिरे खांदत्यात नि वाटीवाटीनं पानी भरत्यात. सोमवारी उन्हात मला घेरी आली. भीमाबाई म्हनून एक बाई पळत आली. कुठली, कुनाची, देव जाने. सकाळपासून भरलेल्या घागरीतलं तांब्याभर पानी तिनं मला पाजलं. घटाघटा प्यालो. मग ध्यानात आलं, हिला लेकरं किती, ते मी इचारलंच न्हाई. परक्याच्या लेकीला इचारलं न्हाई, नि पोटच्या पोरीला अकरा वर्सं इचारीत ऱ्हायलो! लई लाज वाटली, मुक्ता. रीत पाळली म्हनून मी मिशीला पीळ भरीत हुतो, नि चटके तुला बसत हुते. चुकलं माझं.

पाळना भंगारात घातला. होड्या छावनीतल्या गुरांना गव्हानी म्हनून दिल्या. बाग बंद झाली, पन फाटकाला कुलूप न्हाई घातलं. झिऱ्यावर जायला बायांना तीच वाट जवळ पडती.

बुधवारच्या एस्टीनं येतो, ऱ्हायलाच येतो. लई तहान लागलीय, पोरी. आल्या आल्या तुझ्या हातचं पानी दे.
तुझा दादा