उभ्यानं वाचलेलं पत्र

अड्याळ, ६ सप्टेंबर १९७८

चि. इश्वर यास आजीचे अ. आ. वि. वि.

मी इथं खुशाल आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही. हे अक्षर तुले ओळखीचं वाटन. वाटू दे. तुझी बायको रविवारच्या यष्टीनं पेटी घेऊन उतरली. माहेरी नाही गेली, माझ्याकडे आली, म्हणजे भांडण मोठं आहे. मी सांगून राहिली, सुलोचना लिहून राहिली. पेन तिचा, तोंड माझं.

तांदळातून खडे काढावे तसं एकेक मी तिच्याकडून काढलं. तू हेडमास्तर झाल्यापासून शनिवारी शाळा सुटली का साऱ्या मास्तरांले एका खोलीत बसवतोस म्हणे. पोरांले कसं शिकवावं त्याचं एक पुस्तक आहे. एकानं पान वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. इथवर बरं आहे. मग तू खुर्चीत बसून अर्थ विचारतोस. सुलोचनेनं सरळ सांगितलं का मले हे समजलं नाही. तं तू तिले उभी केलीस. चहा आला तरी उभीच. वर्गात शिकवणारी बाई ती! अन् तो यादोराव मास्तर गालात हसून राहिला होता.

ती यादोरावावर चिडली नाही. तुझ्यावर चिडली. मीही.

उत्तर धाड. लोभ ठेवायचा का नाही, ते ऐकून ठरवीन.

देवकाबाई


पवनी, १० सप्टेंबर १९७८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. भाषा तुझी आहे. टोचायच्या जागा कोणी दाखवल्या, ते अक्षरावरून कळले.

या शाळेत नोकरी लागल्यापासून कोणी पुस्तक उघडलेले नाही. यादोराव आपली जुनी टिपणे फळ्यावर उतरवतात, मुले ती वहीत उतरवतात, आणि त्याला शिकवणे म्हणतात. म्हणून मी हे एकत्र वाचन सुरू केले. पहिल्याच शनिवारी कोणाचे पोट दुखू लागले, कोणाच्या धानाच्या बांधीतले पाणी फुटले. जो आला तो समजले नाही म्हणून सुटू लागला. तेव्हा तसे म्हणणाऱ्याने उभे राहायचे, असा नियम मी केला. पहिली पाळी माझ्याच बायकोवर आली. तिला सोडले असते तर पुढच्या शनिवारी खोली रिकामी दिसली असती. तिने सगळ्यांदेखत पुस्तक मिटले आणि चालू लागली. आता यादोराव मला रोज विचारतात की साहेबांच्या घरी चुलीपाशी कोण उभे राहते.

तिची रजा मंजूर नाही. पंचवीस तारखेला ती शाळेत हजर झाली नाही, तर हेडमास्तर या नात्याने मी नोटीस काढीन. वाचून दाखवणारीने हा मजकूर गाळू नये.

प्रकृतीस जपावे. लोभ मागत नाही; नियम समजून घ्यावा, इतकेच.

तुझा नातू,
इश्वर


अड्याळ, १३ सप्टेंबर १९७८

चि. इश्वरास अ. आ. वि. वि.

काही गाळलं नाही तिनं. चुलीपाशी उभी राहूनच वाचलं. नोटिशीचं मी फिरून वाचायले लावलं, तं फिरून वाचलं. आवाज हलला नाही. थोडा हलला असता तं मले बरं वाटलं असतं.

आता माझं ऐक. मले अक्षर येत नाही. पण श्रावणात आपल्या घरी पोथी लागते, आनंदराव वाचतो, अन् मी साऱ्यांच्या पुढं बसते. अर्धी पोथी मले समजत नाही. आनंदरावानं मले उभी करून अर्थ विचारला असता, तं मी पोथी सोडली असती अन् त्याच्याशी बोलणंही. अन् तू म्हणे स्वतः एक पान वाचत नाहीस. साऱ्यांची पाळी येते, खुर्चीची येत नाही. काहून?

तू लहान होतास, तुझा बाप खाणीवर. त्याची पत्रं तूच मले वाचून दाखवायचास. जोडाक्षर आलं का अडायचास, नाक वर ओढायचास. तुले उभं केलं का मी कधी? मी थांबायची. तिकडं भाजी करपायची, तरी थांबायची. मग दोघं तीच खायचो.

येत्या शनिवारी हे पत्र साऱ्या मास्तरांसमोर वाच. उभ्यानं. अर्थ यादोराव विचारन. नाही वाचलंस तं सुलोचनेले मी ठेवून घेते. इथल्या शाळेत बाईची जागा आहे, अर्ज तिनं लिहून ठेवला आहे. धाडायचा का, ते तुझ्या शनिवारावर.

लोभ तिकडून येऊ दे. माझ्याकडचा सरत आला.

देवकाबाई

ता. क. हे माझे. आजींनी सांगितले ते सारे लिहिले. दोन शिव्या तेवढ्या गाळल्या. त्या त्यांच्याच तोंडी शोभतात. — सु.


पवनी, १६ सप्टेंबर १९७८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

वाचले. नाक ओढण्यासकट वाचले. यादोराव टेबलावर हात मारून हसले. मंगलाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग यादोरावांनी विचारले की, भाजी करपत असताना आजी का थांबायची, याचा अर्थ साहेबांनी सांगावा. मला सांगता आला नाही. शिपाई चहा घेऊन आला. मला कोणी बसा म्हटले नाही. मी उभा होतो.

तुझ्या मनासारखे झाले, माझी शोभा झाली. मात्र वाचन बंद होणार नाही. पुढच्या शनिवारी पहिले पान माझे आहे, आणि ज्याला अर्थ विचारायचा त्याने मला विचारावा. उभे करण्याचा नियम काढला. पंचवीस तारखेचे मात्र कायम आहे.

रागातच लिहीत आहे. तरी नमस्कार.

इश्वर


अड्याळ, १९ सप्टेंबर १९७८

चि. इश्वरास अ. आ. वि. वि.

तुझी शोभा झाली ते ऐकून मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू? अर्ज फाडला नाही. फळीवर आहे, मिठाच्या डब्याखाली. पंचवीस तारखेले सुलोचना शाळेत येईन. घरी येईन का नाही, ते तिनं सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. अर्थ विचारायची खोड तुझी.

लोभाचं इतक्यात मागू नकोस. एवढंच सांगते, तुझं पत्र ती धडाधडा वाचत होती. तू उभा होतास, तिथं अडली. मी विचारलं, जोडाक्षर आहे का. नाही म्हणाली.

चुलीवर वरण होतं. मी थांबली. वरण खाली लागलं.

देवकाबाई