दाढदुखीवाल्यांच्या रेकॉर्डी

ठमाबाई,

दवाखान्यात सकाळीच एकाची दाढ काढायची आहे, म्हणून निघालो. काल तुमच्या बँडला मी "डबे बडवणं" म्हणालो आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. तेव्हापासून तुझी आईही माझ्याशी बोलत नाही. चहा माझा मीच केला. तुझा झाकून ठेवलाय, धीर करून पी.

टेबलावर माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या, ऐंशीच्या दशकातल्या पोस्ट-पंक रॉकच्या रेकॉर्डी काढून ठेवल्यात. राखाडी कव्हरची माझी सगळ्यात लाडकी. गायक दाढ ठणकत असल्यासारखा गातो, पण तू बेस ऐक. गिटारला मागे बसवून तोच गाणं पुढे नेतो. तूही तसंच वाजवतेस. दाराआडून ऐकलंय मी. निळी न्यू वेव्ह पॉपची आहे. तिच्यातल्या सिंथेसायझरला तुझे आजोबा मिक्सर म्हणायचे. आपल्या घराण्याची संगीताची समज स्वयंपाकघरापलीकडे गेलेलीच नाही.

मैत्रिणीकडे राहायला जाणार म्हणालीस. जा, बॅगा मी गाडीतून पोचवतो. रेकॉर्डीही घेऊन जा. प्लेअर मात्र फार जड आहे, तो इथून हलायचा नाही. ऐकायला इथेच यावं लागेल.

– बाबा