पत्त्यात दुसऱ्याचं नाव

बाबा,

काल मी पोस्टात भांडले. रांगेतली माणसं बघत होती आणि तुमची लेक काउंटरवर आवाज चढवून बोलत होती. पार्सल तुमच्या नातीसाठी होतं. जवसाची चटणी, कुरड्या आणि एक स्वेटर, एवढंच. काउंटरवरच्या मुलीनं पत्ता वाचला, संगणकात शोधला, परत शोधला आणि म्हणाली, "ई कंट्री लेदु मॅडम." तेलुगूत लेदु म्हणजे नाही. तिला म्हणायचं होतं की यादीत नाही, पण माझ्या कानाला ऐकू आलं ते वेगळंच, की असा देशच नाही. मग ती बिचारी हिंदीत समजावू लागली, तुर्कस्तान लिहा, त्याच्या मार्फत जातं, सगळे तसंच लिहितात. तिच्या तोंडून तो मार्फत शब्द आला आणि माझा तोल गेला. माझी मुलगी तुर्कस्तानात राहत नाही, मग मी तुर्कस्तान काय म्हणून लिहू, असं काहीबाही बोलले आणि पार्सल काखेत मारून आदिलाबादजवळ मावल्याला, घरी आले.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची ही नात जन्मालाही आली नव्हती, म्हणून आधी तिचं सांगते. पोरगी हुशार निघाली. हैदराबादला शिकली, आणि आता सायप्रस नावाच्या बेटावर एका कॉलेजात शिकवते. बेट एकच, पण मधून रेषा गेलेली. दक्षिणेकडच्या राज्याला सगळं जग देश म्हणतं, उत्तरेकडच्याला एकटा तुर्कस्तान. आमची बाई नेमकी उत्तरेकडे. तिथं सरकार आहे, पोलीस आहेत, निवडणुका होतात, पण बाहेरच्या माणसाच्या पासपोर्टावर शिक्का मारायचा झाला तर तो वेगळ्या चिटोऱ्यावर मारतात, म्हणजे पुढं दुसरीकडे त्याला त्रास नको. तिनं हे हसत हसत सांगितलं. ज्युनिअर कॉलेजात मी इतकी वर्षं हेच तर शिकवते. राज्य म्हणजे काय? लोक, भूमी, शासन आणि इतरांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पोरं घडाघडा पाठ म्हणतात. मग मी फळ्यावर मान्यता असा शब्द लिहिते आणि सांगते की बाकी सगळं असलं तरी हे दुसऱ्याच्या हातात असतं. फळ्यावर लिहायला काही वाटत नाही. स्वतःची पोरगी तिथं जायला निघाली की कळतं.

मी नाही म्हटलं. आपली वकिलात त्याच बेटावर, ती राहणार त्याच शहरात आहे, पण रेषेच्या पलीकडे, आणि उत्तरेकडून उतरलेल्या माणसाला तिकडे सहज जाता येत नाही. उद्या काही झालं तर फोन कोणाला करायचा? ती म्हणाली, "लोक राह्यते तिथं, आई. पोरं शिकते. तुले अजून काय पायजे?" मी तोंडाला येईल ते बोलले. एजंटांनी फसवलेल्या पोरांच्या गोष्टी सांगितल्या, आणि शेवटी म्हटलं की ज्या जागेला जग मानत नाही तिथं गेलीस तर मीही मानणार नाही. ती गेली. विमानतळावर हे एकटेच गेले, मी गेले नाही. त्याला आता तीन महिने झाले. आठवडाभरापूर्वी तिनं यांना सांगितलं की आई स्वतः बोलली तरच मी सुट्टीत घरी येईन, नाहीतर इथंच राहीन, पुढचं वर्षही इथंच काढीन. पोरगी बोलली की करते. हा हट्ट कोणाकडून आला ते तुम्हाला सांगायला नको.

तर आमच्या घरात सध्या दोन देश आहेत आणि मध्ये तुमचे जावई. तहसिलात जन्म गेला त्यांचा, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मध्ये उभं राहायची सवय आहे. संध्याकाळी फोन येतो, हे स्पीकर चालू करतात, आणि मी भाजी परतते. "आईनं जेवलं का विचारून राह्यली," असं हे मला सांगतात, जणू मला ऐकूच आलं नाही. मी यांना उत्तर देते, पण तिला ऐकू जाईल अशा बेतानं. एकमेकांना न मानणारे देश कसे बोलतात, तेही मी वर्गात शिकवते. तिसऱ्याच्या घरी भेटतात, टेबलावर झेंडा ठेवत नाहीत, कागदावर देशाचं नाव येऊ देत नाहीत, आणि व्यापार मात्र चालू ठेवतात. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, मॅडम, मानायचंच नाही तर बोलतात कशाला? मी म्हटलं, गरज असते म्हणून. उत्तर बरोबर होतं, पण आता त्या मुलीसमोर ते म्हणायला जीभ उचलणार नाही.

काल पार्सल घेऊन आले आणि मला मुधोळजवळचं आपलं गाव आठवलं. आपली वस्ती ओढ्यापलीकडे, पोस्टमन गावात यायचा आणि आपल्या सगळ्यांची पत्रं किराणावाल्या शेठच्या दुकानात टाकून जायचा. पत्त्यात आपलं नाव खाली, आणि वर मार्फत म्हणून शेठचं. शेठ वाईट नव्हता. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या तुम्हाला गुरुजी म्हणायचा, चहा द्यायचा, पण कप वेगळा, आणि तो तुम्हीच विसळून कोनाड्यात ठेवायचा. तुमच्या नोकरीची ऑर्डर त्याच्या तराजूखाली पडून राहिली आणि हजर व्हायची मुदत संपता संपता तुमच्या हाती लागली, हे आई मरेपर्यंत सांगायची. त्यानंतर तुम्ही एका पत्र्यावर निळ्या रंगात वस्तीचं नाव लिहिलं, जे नाव तोवर कुठंच नव्हतं, आणि पत्रा ओढ्याकाठच्या बाभळीला ठोकला. मग तुम्ही मुधोळला जाऊन स्वतःलाच कार्डं टाकू लागलात. स्वतःचं नाव, त्याखाली नवं नाव वस्तीचं, मार्फत कोणी नाही. पोस्टमन ती कार्डंही शेठकडेच द्यायचा, म्हणायचा की असा पत्ता आमच्या दफ्तरात नाही. तुम्ही परत टाकायचात. आई कपाळाला हात लावायची. "सोताच सोताले पत्र टाकते हा माणूस," असं ती शेजारणीला सांगायची, आणि मला शाळेत जायची लाज वाटायची. मग एका दुपारी पोस्टमन सायकल हातात धरून ओढा उतरून आला. लहानपणापासून तो तुम्हाला ओळखत होता, तरी त्यानं विचारलं, वस्ती हीच का? तुम्ही हो म्हणालात आणि कार्ड दोन्ही हातांनी घेतलंत. त्यावर लिहिलं होतं, आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. 'येथे' खाली रेघ होती.

आणि पुढं मी आदिलाबादच्या वसतिगृहात असताना तुम्हाला पहिलं पत्र टाकलं ते शेठच्या मार्फत. तुम्ही बस धरून आलात, फाटकाशी उभे राहिलात आणि खिशातून माझं कार्ड काढलंत. मला वाटलं होतं, भेटायला आलात.

"आपलं घर असून दुसऱ्याच्या घरी पत्र काऊन टाकलं?"

"पोचावं म्हणून, बाबा."

"नसतं पोचलं तरी चाललं असतं. पत्ता तं बरोबर राह्यला असता."

एवढंच बोललात आणि परतीच्या बसला गेलात. चहासुद्धा घेतला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता, बाबा, आणि थोडा अजूनही येतो. पोरगी घरापासून लांब आहे, तिला ताप आहे की ती रडते आहे, हे कळण्यापेक्षा पत्ता मोठा होता का?

हे सगळं मी काल यांना तावातावानं सांगितलं. पोस्टातल्या मुलीसमोर मी तुमची लेक म्हणून उभी राहिले, असंही म्हटलं. हे शांतपणे चपला काढत होते. म्हणाले, "तीन महिने झाले, तू सोताच त्या देशाले देश म्हणून नाही राह्यली. अन् पोस्टात त्याच्यासाठी भांडून आली?" रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. कारण ते म्हणाले ते खरं, आणि तरी तेवढंच खरं नाही. तुमचा पत्रा आणि त्या लोकांचा झेंडा एका मापानं मोजता येत नाहीत. तुमच्या वस्तीनं कोणाचं घर घेतलं नव्हतं. त्या बेटावर लढाईनंतर दोन्हीकडची माणसं घरंदारं सोडून पळाली. दक्षिणेतले म्हणतात, आमची घरं तिकडं आहेत, त्यांना देश म्हणायचं म्हणजे आम्ही घरावर पाणी सोडायचं का? त्यांना मी काय सांगणार? आणि उत्तरेत जन्मलेल्या पोरांनी, ज्यांना माझी मुलगी शिकवते, आपल्या घरच्या पत्रावर जन्मभर दुसऱ्या देशाचं नाव का लिहायचं? दोन्हीकडून विचार करते आणि दोन्हीकडून अडते. तुम्ही असता तर एका वाक्यात निकाल लावला असता. तो मला पटला असताच, असं नाही.

आज सकाळी पार्सल घेऊन हे पोस्टात गेले. घरातूनच जाड पेनानं तुर्कस्तान लिहून नेलं. मी बघत होते, अडवलं नाही. हे गेल्यावर मी माझ्या फोनवरून तिला लावला. त्या देशाला स्वतःचा फोन कोडही नाही, तुर्कस्तानचाच लावावा लागतो. तिनं उचलला. म्हणाली, "आई?" मी थंडीचं विचारलं. स्वेटर पाठवलाय, म्हटलं. तिथं आता एवढी थंडी नाही, ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो, आणि मला रडू आलं. सुट्टीत ये, मी म्हटलं. येते, ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते, आणि त्यासाठी मी तीन महिने घालवले.

मग तिनं विचारलं, "तुझ्या कॉलेजात सांगितलं का, मी कुठं आहो ते?"

"सांगितलं," मी म्हटलं. "सगळ्यांले."

तिला इतका आनंद झाला, बाबा. खरंच का, असं तिनं दोनदा विचारलं. नकाशात दाखवलं का, विचारलं. मी म्हटलं, दाखवलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. मी कोणालाच सांगितलेलं नाही. स्टाफरूममध्ये सगळे समजतात की ती हैदराबादला एका कंपनीत आहे. तसं मीच त्यांना सांगितलंय.