तुम्ही म्हणाल तसं

अप्पा,

नेवाशाच्या काकांनी तुम्हाला मुद्दाम बुडवलं, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. अंथरुणाला खिळल्यावरही तेच. त्यावर आज मला तुमच्याशी बोलायचंय.

भिंगारच्या बाजारात आपलं तेलाचं दुकान आणि नेवाशाला काकांची तेलगिरणी, अशी तुमची जुनी भागीदारी. तेल ते काढायचे, विकायचात तुम्ही. भुईमुगाच्या शेंगा मात्र दोघं मिळून घ्यायचात आणि पोत्यापोत्यावर भांडायचात. काका दाणा चावतात, थुंकतात आणि तुमच्यावर ओरडतात, “ओली हाय ही. तुला अक्कल हाय का?” तुम्ही त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करता, पोतं परत जातं आणि मग दोघं शेजारी बसून जेवता. मी तेव्हा कॉलेजात होते, मला त्या आरडाओरड्याची लाज वाटायची.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी काका थकले. मूलबाळ नव्हतं. तुम्ही गिरणी विकत घेतलीत आणि त्यांनाच मॅनेजर म्हणून ठेवलंत. सगळे म्हणाले, यात धोका कसला, घरचाच माणूस आहे. मग त्या हंगामात तुम्ही स्वस्तात मिळाल्या म्हणून ट्रकभर शेंगा उचलल्यात. मीही तिथे होते. काकांनी दाणा चावला. थुंकले नाहीत, गिळला. “तुमी म्हनाल तसं, मालक,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ते ‘तुमी’ ऐकून तुम्हाला बरं वाटलं होतं, तुमच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

पुढे त्या शेंगांच्या तेलात आईने भजी तळायला घेतली आणि स्वयंपाकघरभर खवट वास सुटला. तिने कढई परसात नेऊन ओतली. भिंगारच्या लष्करी छावणीतली जुनी गिऱ्हाइकं डबे परत करून गेली, ती पुन्हा आली नाहीत. गिरणीला कुलूप लागलं. काकांच्या मयतीलाही तुम्ही गेला नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, “त्याला ठाऊक होतं. दाणा चावला होता त्यानं.” मला ते पटलं होतं.

गेल्या वर्षी मी माझा मसाल्याचा कारखाना विकला. घेणारी पुण्याची कंपनी, आमचा कितीतरी वर्षांचा एकत्र धंदा. वकील म्हणाले, ओळखीतला व्यवहार नीट बसतो. मलाही तसंच वाटलं. कंपनीने सल्लागार म्हणून मला ठेवून घेतलं. इतकी वर्षं आमचं जमलं ते रोज फोनवर भांडत होतो म्हणून, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आज तिथल्या साहेबांचा फोन आला. गेल्या सालची मिरची नव्यात मिसळली तर चालेल का? पूर्वी मी फोन आपटला असता. आज मी म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

माझ्या मनात कपट नव्हतं हो अप्पा. कारखाना माझा राहिला नव्हता आणि मी दमले होते, इतकंच. काकांचंही तेवढंच असणार. त्यांची बाजू घेतली म्हणून तुम्ही रागावला असता, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही तेच बरं.

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, कितीतरी दिवसांनी आज मला दुपारी गाढ झोप लागली.