आपोआप सरळ होणारं चाक

बाबा, तुमची गाडी चालली. फौजेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही ती जुनाट मोटार आणलीत, मडगार्डं उतरवलीत, दांडगं इंजिन उघड्यावर बसवलंत, आणि आई म्हणाली, "अहो, अंगभर कपडे तरी घाला तिला." पुढची चाकं आणि स्टिअरिंग तेवढं राहिलं, आणि तुम्ही गेलात. इतकी वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. मनीमाजऱ्याच्या गॅरेजमधले सरदारजी मला जुना ॲक्सल सोडा, नव्या गाडीचा पुढचा भाग लावा म्हणून समजावून थकले, "मॅडम जी, ए पुराना एक्सल छड्डो. नवीं गड्डी दा अगला हिस्सा लगा लो, मक्खन वरगी चल्लूगी." पण तुम्ही निवडून ठेवलेला तो सरळ ॲक्सल, दोन्ही चाकांना जोडणारा एकच लोखंडी दांडा, मला तोच हवा होता. त्याच्यावर गाडी नीट चालली नाही तर भंगारात देईन, असं मी रागाच्या भरात बोलूनही बसले.

तुम्हाला चंडीमंदिरच्या फौजी क्वार्टर्समागची ती गल्ली आठवते? मी शाळेतून येते, तुम्ही माझी सायकल घेऊन उभे. "हँडलला हात लावायचा नाही. नुसती सीट धर आणि चाल." मी चालते, आणि हँडल वाट काढत माझ्यापुढे निघतं! सीट जराशी कलली की चाक त्या बाजूला वळतं, पुन्हा सरळ होतं. अंगावर काटा आला होता माझ्या. तुम्ही पुढचा तिरपा दांडा दाखवलात. "हा मागे झुकलाय ना, म्हणून. आपण फक्त झुकवून बसवायचं. सरळ करायचं काम रस्ता करतो."

तेच ध्यानात ठेवून मी स्प्रिंगचे पाटे आणि त्यांच्याखालचा ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचरी घातल्या, जाड बाजू मागे, म्हणजे ॲक्सल मागे झुकेल. पहिल्या फेरीतच गाडी पिसाळली. रस्ताभर वेडीवाकडी, वळवलेलं स्टिअरिंग परतायला तयार नाही. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली शिरून पाहते तर काय, उताणं पडून काम करण्याच्या नादात पुढचं मागचं उलट झालं होतं, दोन्ही पाचरींची जाड बाजू पुढे! सरदारजी इतके हसले की चहा सांडला. मग त्यांनीच जॅक लावला, आणि मी पाचरी फिरवून बसवल्या.

काल मोहालीच्या नव्या सेक्टरांतल्या रिकाम्या रस्त्यावर नेली. शेजारी तुमची नात. गोल चौकाला वळसा घातला, बाहेर पडताना श्वास रोखला आणि स्टिअरिंगवरची पकड सैल केली. ते माझ्या तळहातांखालून फिरत फिरत मधोमध येऊन थांबलं. बाबा, कोणी धरलेलं नव्हतं ते. "मम्मा, ये तो खुद सीधा हो गया!" पोरगी ओरडली. त्या गल्लीत आला होता तोच काटा, या वयात, तसाच.

पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. त्यानंतर मी त्या चौकाला किती चकरा मारल्या कोण जाणे, आणि दर वेळी बाहेर पडताना हात सैल सोडले. लेकीला म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. टेस्टिंग पहिल्याच वळणाला संपलं होतं.