बॅग सासूबाईंकडे

८ मे, बुधवार

कॅडीची कंबर धरली! उद्यापासून स्पर्धा, आणि हा आडवा. "ताई, नुसता शिंकलो हो!" आता माझी बॅग कोण उचलणार?

तीन वेळची चॅम्पियन मी, पण गेलं वर्षभर सगळं मुसळ केरात. या वेळी पहिल्या दहात आले नाही तर कार्ड जाणार. म्हणजे व्यावसायिक गोल्फ संपलं. भीती वाटते.

नवऱ्याला विचारलं, तर मधेच सासूबाई— "बॅगेला चाकांची गाडी मिळते ना? मग मी येते." नवरा हसला. मी नाही हसले.

९ मे, गुरुवार

नियमच आहे— खेळताना सल्ला द्यायचा हक्क फक्त कॅडीला. नवऱ्याला नुसतं विचारलं तरी मला दंड! लग्नाला अठरा वर्षं झाली, आता सासूबाईंच्या सल्ल्यांना कायद्याचाही आधार मिळाला.

"एवढं काय बघतेस? मार आणि चल." मारला. वाळूत गेला. "हळू मारायचा ना!"

मग भोकाभोवतीच्या हिरवळीवर इकडून तिकडे चालल्या. "गुडघा बोलतोय. उतार इकडे आहे." मी ऐकलं नाही. चेंडू तिकडेच वळला!

१० मे, शुक्रवार

सासूबाईंनी बॅगेतल्या स्टिका उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. "काय तो पसारा!" हवी ती एकही सापडेना.

माझा एक फटका थेट तळ्यात. या जोरात ओरडल्या, "वा! मस्त गेला!" लोक बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ मे, शनिवार

दिवसभर अबोला. खेळ झकास झाला.

१२ मे, रविवार

शेवटचा फटका. आत गेला तर दहावी, नाहीतर घरी. आणि तोंडातून निघून गेलं— "आई, काय करू?" अठरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

त्या सावकाश चालून आल्या. "उजवीकडून आण. नाही गेला तर नाही गेला. आपलं काय अडलंय?"

गेला! मी रडत त्यांच्या गळ्यात पडले. टाळ्या ऐकून म्हणाल्या, "गेला वाटतं!"

१४ मे, मंगळवार

काल रस्त्यात भलत्याच माणसाला "चल रे घरी" म्हणाल्या, म्हणून आज डोळे दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू, पार पिकलेला. "दहा पावलांपलीकडे यांना काही दिसत नसणार," डॉक्टर म्हणाले.

ते ऑपरेशनची तारीख द्यायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "आत्ता नको. हिची पुढची स्पर्धा होऊ द्या. सगळं दिसायला लागलं तर मीच घाबरेन."